खुणांची वही

"डॉक्टर, बाळाला अंगावर पाजत असताना बाईच्या स्तनात गाठ आली, तर तो कॅन्सरच असतो का?"

माइकवरून निघालेला माझा आवाज शाळेच्या हॉलभर फिरून माझ्याच कानावर परत आला.  मग मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि पावनीनं माझ्या स्कर्टचं टोक इतक्या जोरात ओढलं की मी पडतापडता राहिले.

पैज एवढीच होती. आठवी ते दहावीच्या सगळ्या मुलींना हॉलमध्ये बसवून एका डॉक्टरीणबाईंचं भाषण ठेवलं होतं. प्रश्न चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचे होते. पावनी आणि सुष्मा म्हणाल्या, चिठ्ठी काय कुणीही टाकेल, तू माइकवर 'तो' शब्द उच्चारून दाखव, मसाला पुरी आमच्याकडून. दोन महिन्यांपूर्वी मला कुणी असं सांगितलं असतं तर मी बाकाखाली लपले असते. हजेरीलासुद्धा मी इतकी हळू 'येस मिस' म्हणायची की मिस मला गैरहजर लावायच्या. पण कानडी वादविवादात माझा पहिला नंबर आला आणि तेव्हापासून काय की झालं, माइक दिसला की माझे पाय आपोआप तिकडं वळायला लागले.

डॉक्टरीणबाई खूश झाल्या. "छान प्रश्न," त्या म्हणाल्या. "नाही, प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. गरोदरपणात, पाजण्याच्या दिवसांत, साध्या गाठीही येतात. त्यातल्या काही तपासणीत अगदी कॅन्सरसारख्या दिसतात, म्हणून खात्री करून घ्यायची. पण बाळा, हा प्रश्न तुला कसा सुचला?"

पैज इथंच संपली होती. 'सहज' म्हणून खाली बसायचं होतं. पण दोनशे मुली माझ्याकडं बघत होत्या, आणि माइक अजून माझ्या हातात होता.

"माझ्या आत्याला आहे," मी म्हणाले. "बाळ तीन महिन्यांचं आहे. स्कॅनमध्ये कॅन्सरसारखी दिसते. शनिवारी बायोप्सी झाली. बरोबर मीच गेले होते."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा मऊ झाला. "धीराची मुलगी आहेस," त्या म्हणाल्या, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सुष्मा कानात कुजबुजली, "दोन प्लेट. तुला दोन प्लेट!" मी हसत हसत हॉलभर नजर फिरवली. आठवीच्या रांगेतून एकच मुलगी मागं वळून माझ्याकडं बघत होती. ती टाळ्या वाजवत नव्हती. अन्विता. आत्याच्या थोरल्या दिराची मुलगी. हिनकलच्या घरात, आत्याच्या सासूबाईंच्या मांडीवर वाढलेली.

माझं हसू लगेच गेलं असं मी लिहिलं असतं, पण ते खरं नाही. त्या दिवशी मी दोन प्लेट मसाला पुरी खाल्ली.

*

माझी आत्या, पवित्रा, ब्लाऊज शिवते. इट्टिगेगुडात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत तिचं मशीन आहे. सकाळी प्राणिसंग्रहालयातला सिंह ओरडतो तेव्हा ती मशीनला तेल घालते. मग आम्ही सगळे उठतो. तेहतिसाव्या वर्षी तिचं लग्न झालं. तोवर तीनदा ठरून मोडलं होतं, आणि तीनही वेळा तिनं स्वतःसाठी शिवलेला लग्नाचा ब्लाऊज उसवून दुसऱ्या कुणासाठी अस्तर म्हणून वापरला होता. लग्नानंतरही ती रोज हिनकलहून बसनं यायची, दिवसभर शिवायची, संध्याकाळी परत जायची. बाळंतपणाला आली तेव्हा आई म्हणाली, "माहेरी आली कसली, ही गेलीच कधी होती?"

तिच्याकडं मापांची एक जाड वही आहे. त्या वहीत एकाही बाईचं नाव नाही. प्रत्येक पानावर वर एक खूण असते: पान, पणती, मासा, छत्री, चंद्रकोर. गिऱ्हाईक दारात आलं की आत्या बरोबर ते पान उघडते. लहानपणी मी विचारायची, "नावं का नाही लिहीत?"

"वही हरवली तर?" ती म्हणायची. "बाईचं माप म्हणजे तिचं घर. दार उघडं टाकून येतं का कुणी?"

एकदा ती एका ब्लाऊजमध्ये आतून कापसाची गादी शिवत होती. एकाच बाजूला. मी विचारलं, "हा कुणाचा?" ती म्हणाली, "गिऱ्हाइकाचा." दरवर्षी दसऱ्याच्या आधी तसा एक ब्लाऊज शिवला जातो. तो कुणाचा, ते मला अजून माहीत नाही. आईलाही नाही.

स्वतःची गाठ तिला टेपनंच सापडली. सातव्या महिन्यात सीमंताचा ब्लाऊज शिवताना डावीकडं अर्धा इंच जास्त भरलं. दिवसच तसे आहेत, असं म्हणून तिनं टक्स सैल सोडले. बाळ झाल्यावर पाऊण इंच. बाळ तीन महिन्यांचं झालं तेव्हा बोटाला लागेल अशी, लिंबाएवढी, न दुखणारी. तिनं फक्त आईला सांगितलं. सासरी नाही, माझ्या अप्पांनाही नाही. पाळण्याचा दिवस ठरला होता, हिनकलला, पंधरा दिवसांनी. "आधी काय ते कळू दे वहिनी," ती म्हणाली. "सुम्ने, उगाच सगळ्यांच्या जिवाला घोर कशाला?"

शनिवारी आईच्या बालवाडीत पालकसभा होती, म्हणून बाळाला धरायला मी गेले. बायोप्सीच्या आधी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई माझ्यासमोरच आत्याला म्हणाल्या, "तुमचं वय, पाजण्याचे दिवस बघता बहुतेक साधीच असेल. पण स्कॅनमध्ये कडा नीट नाहीत, कॅन्सरसारखी दिसते, म्हणून तुकडा काढून बघू. पाजणं अजिबात थांबवू नका. दोन्ही बाजूंनी पाजा."

सुईचा टच् असा आवाज बाहेर बाकापर्यंत आला. तीनदा. आत्या बाहेर आली, पट्टीवर पदर नीट ओढला, माझ्या हातातून बाळ घेतलं आणि तिथंच बाकावर पाजायला बसली. बाळाची इवली मूठ तिच्या गळ्यातल्या काळ्या मण्यांत अडकली. ती सोडवत आत्या म्हणाली, "घरी जाताना इडली खाऊया का गं?"

'कुणाला सांगू नकोस' असं ती म्हणाली नाही. ते सांगायला हवं, असं तिला वाटलंच नसणार.

*

बुधवारी संध्याकाळी गिरिजाबाई आल्या. आत्याच्या सासूबाई. एका हातात दुधाच्या पावडरीचा डबा, दुसऱ्या हातात गरम पाण्याचा थर्मास. चपला काढतानाच त्यांनी विचारलं, "पवित्रा, गाठ आहे म्हणे. खरं की खोटं?"

आत्याच्या मांडीवर बाळ पीत होतं. ती उठली नाही. "खरं आहे अम्मा. रिपोर्ट यायचाय."

"आमच्यापासून लपवलंस?"

"लपवलं नाही. कळल्यावर सांगणार होते."

अप्पा डेपोतून नुकतेच आले होते. त्यांनाही तेव्हाच कळत होतं. "तुम्हाला कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"कळलं. कसं ते राहू द्या श्रीनिवासराव." गिरिजाबाईंची नजर आमच्या सगळ्यांवरून फिरली, माझ्यावर थोडी थांबली, आणि पुढं गेली. मी दाराच्या चौकटीला इतकी चिकटले की कडीचा ठसा पाठीवर उमटला.

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या आत्याच्या शेजारी चटईवर बसल्या आणि म्हणाल्या, "माझी थोरली बहीण अशीच गेली. अंगावरचं पोर होतं. सगळे म्हणायचे दुधाची गाठ आहे, कोबीची पानं बांध. मी बारा वर्षांची होते, मीच बांधायची. मला पुन्हा नको गं ते. मगूला, बाळाला हे दूध देऊ नको. रिपोर्ट येईपर्यंत तरी."

"डॉक्टर म्हणाल्यात पाजा म्हणून. बहुतेक साधीच—"

"डॉक्टर तुला धीर द्यायला म्हणणारच. बाहेर काय बोलतात ते मला कळलंय. कॅन्सरसारखी दिसते म्हणतात."

माझे शब्द. जसेच्या तसे. मी माइकवर म्हटलेले. आणि 'बहुतेक साधीच असेल' हा त्याच्या आधीचा अर्धा भाग मी माइकवर म्हटलाच नव्हता. विसरले नव्हते. मला तो आठवत होता. पण तो म्हटला असता तर टाळ्या कशाला पडल्या असत्या?

आत्यानं फोनवर सुधींद्रमामांशी बोलून पाहिलं. तिचे यजमान सरळ माणूस, पण आईपुढं आवाज निघत नाही. "स्वल्प दिवस आई म्हणते तसं कर," ते म्हणाले. अप्पाही म्हणाले, "आठवड्याचा तर प्रश्न आहे." आत्यानं सगळ्यांकडं एकदा पाहिलं. मग बाळाला छातीपासून दूर केलं. ते रडायला लागलं तशी गिरिजाबाईंनी वाटी-चमचा घेतला. 

गिरिजाबाई गेल्यावर अप्पा आईवर उखडले. "तुलाच एकटीला माहीत होतं. तुझ्या बहिणीला फोनवर सांगितलंस की नाही? खरं बोल."

 आई अगदी हळू म्हणाली, "सांगितलं. सोसले गावच्या बहिणीला सांगितलं. मला एकटीला झेपेना हो." आणि आत्याकडं वळून तिनं तिचे हात धरले. "पवित्रा, माझ्यामुळं झालं गं. बाळाचं अंगावरचं माझ्यामुळं सुटलं."

"होगली वहिनी," आत्या म्हणाली, जाऊ दे.

मी तिथंच होते. तोंड उघडायला एक पाऊल पुढंही टाकलं.  पण वादविवादात एवढी धडाधड बोलणारी मी पाणी प्यायला आत गेले.

*

आमच्याकडं अंगावरचं दूध मोरीत ओतत नाहीत. पायाखाली येऊ नये म्हणतात. दिवसातून चार वेळा आत्या भिंतीकडं तोंड करून वाटीत दूध काढायची, पदराखाली ती वाटी धरून मागच्या अंगणात जायची आणि नारळाच्या बुंध्याशी ओतायची. आत बाळ चमच्यानं पावडरीचं दूध पीत असायचं. ते रडलं की इकडं आत्याच्या ब्लाऊजवर ओले डाग पडायचे. मग ती ब्लाऊज बदलायची आणि पुन्हा मशीनवर बसायची. दसरा जवळ होता, गिऱ्हाइकं थांबणार नव्हती.

पहिल्या दिवशी वाटी भरलेली असायची. पाचव्या दिवशी तळ झाकेल एवढी.

शाळेत पावनी म्हणाली, "नव्या, गप्प का गं अशी? माइक पाहिजे का?" सगळ्या हसल्या. मीही हसले. अन्विता मधल्या सुट्टीत मला बघून दुसऱ्या जिन्यानं जायला लागली. मी तिच्यावर रागावायचा प्रयत्न करून पाहिला. तिनं घरी आजीला सांगितलं, ते घाबरून. मी दोनशे जणींना सांगितलं, ते कशासाठी?

मंगळवारी रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाई हसत म्हणाल्या, "मी म्हटलं नव्हतं? दूध तयार करणाऱ्या ग्रंथींचीच गाठ आहे. या दिवसांत वाढते, दिसते भयंकर, असते साधी. अंगावरचं बंद झालं की बहुधा आपोआप लहान होईल. आहे तेवढीच आहे का हे बघायला अधूनमधून दाखवत राहा, बस. पाजताय ना दोन्हीकडून?"

आत्यानं नाही म्हणून मान हलवली. आई रडायला लागली.

"पाजणं का थांबवलं?" डॉक्टरीणबाईंचं हसू गेलं. "मी सांगितलं होतं ना? बरं, सुरू करा. बाळाला लावत राहा, पुन्हा येईल. वेळ लागेल."

घरी आल्याआल्या आत्या बाळाला घेऊन बसली. पदर बाजूला केला. बाळानं एकदा तोंड लावलं, आणि मान वळवली. पुन्हा लावलं, पुन्हा वळवली. चमच्याकडं बघून हातपाय झाडायला लागलं. गिरिजाबाई पेढे घेऊन आल्या होत्या, त्यांनी ते पाहिलं, आणि पेढ्यांचा डबा उघडलाच नाही.

आमच्यात बाळाला पहिल्यांदा पाळण्यात मामी घालते. त्या मानाची दुपटी आई दोन महिने शिवत होती, जुन्या मऊ साड्यांची, कडेला पोपटांची नक्षी. गुरुवारी तिनं ती धुवून, घडी करून अप्पांच्या पिशवीत ठेवली. "तुम्ही घेऊन जा रविवारी," ती म्हणाली. "मी नाही येत. ज्या हातांनी त्याचं दूध तोडलं त्या हातांनी मी त्याला पाळण्यात घालू?"

अप्पांनी दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा चिडले, आणि मग गप्प बसले. आईवर आळ घ्यायला सुरुवात त्यांनीच केली होती, हे त्यांनाही आठवत असणार.

*

शुक्रवारी शाळेतून आले तशी आत्यानं हाक मारली. "नव्या, ये. रविवारच्या लंग्यावर, परकरावर तुला ब्लाऊज शिवते. आता डोळ्यानं माप घेण्याएवढी लहान नाहीस तू."

किती वर्षं मी त्या वहीत माझं पान असावं म्हणून हट्ट केला होता. आज मी दप्तर काढायलाही वेळ लावला.

"सरळ उभी राहा. हात वर." टेप गार होती. "श्वास धरून ठेवू नको. टेप लागली की सगळ्या बायका श्वास धरतात. मग ब्लाऊज घट्ट होतो आणि शिव्या मला."

मी हसले. तिनं दंडाचं माप वहीत लिहिलं. मग टेप छातीभोवती आणत, अगदी त्याच आवाजात ती म्हणाली, "काल अन्विता आली होती, फ्रॉकचं माप द्यायला. टेप लावली तशी रडायलाच लागली पोर."

खोलीत मशीनवरचा पंखा तेवढा फिरत होता.

"श्वास सोड," आत्या म्हणाली.

मी सोडला, आणि त्याच्याबरोबर सगळंच बाहेर आलं. पैज, माइक, टाळ्या, दोन प्लेट. ती टेप धरून ऐकत राहिली. तिला बहुतेक ठाऊकच होतं. मग मी म्हणाले, "आणि आत्या, 'बहुतेक साधीच असेल' म्हणाल्या होत्या ना त्या, ते मी नाही सांगितलं. मला आठवत होतं. तरी नाही सांगितलं."

तिची टेप खाली आली. हे तिला अन्विताकडून कळलेलं नव्हतं. ती स्टुलावर बसली. डाव्या हातानं तिनं पदर खांद्यावर ओढून घेतला, दवाखान्यात ओढला होता तसा, जणू खोलीत मी कुणी परकी उभी होते.

"अर्धं मागं ठेवलंस होय," ती म्हणाली. एवढंच.

"मी सांगते सगळ्यांना! रविवारी, पाळण्याच्या वेळी, सगळ्या बायकांसमोर उभी राहून मोठ्यानं—"

"पुन्हा?"

 माझ्या अंगावर कुणी पाणी ओतावं तसं झालं. मी पुन्हा माइकच शोधत होते.

आत बाळ कुरकुरलं. आत्या उठली. जाताना तिनं वहीत माझे उरलेले आकडे लिहिले. आता ते पान पूर्ण होतं, वरची जागा सोडून.

"खूण?" मी विचारलं.

"राहू दे आता," ती म्हणाली. "नंतर काढीन."

आतून बराच वेळ बाळाच्या रडण्याचा आवाज येत राहिला. मग थांबला. चमचा वाजला नाही. मी कान देऊन ऐकलं; चमचा वाजला नाही. थोड्या वेळानं पुन्हा रडणं, मग चमचा.

संध्याकाळी अप्पा आले, चहा झाला. आई पलंगावर बसून रविवारच्या पिशवीत कुंकवाचा करंडा ठेवत होती. मी दोघांच्या मधे, जमिनीवर बसले. उभं राहून बोलायची मला आता सवय झाली होती, म्हणून मुद्दाम बसले. आणि सांगितलं. सगळं, आणि तो अर्धा भागही. आईनं मधे एकदा, "अय्यो नव्या," म्हटलं. अप्पांनी चष्मा काढला आणि पुसत राहिले. पुसून झाला तरी पुसत राहिले. त्यांनी आईकडं पाहिलं नाही, पण पिशवीतली दुपटी काढून तिच्या मांडीवर ठेवली.

आई घडीवरच्या पोपटावरून बोट फिरवत बसली. माझ्याकडं बघायला तिला वेळ लागला. मी थांबले.

"रविवारी सकाळच्या पहिल्या बसनं मी हिनकलला जाणार आहे," मी म्हणाले. "एकटी. पाहुणे यायच्या आधी. स्वयंपाकघरात गिरिजाअज्जी एकट्याच असतील, तेव्हा डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या ते त्यांना पूर्ण सांगणार. माझ्या तोंडून. त्या काय म्हणतील ते ऐकणार. आणि दुपारी तुम्ही दोघं या. बाळाला पाळण्यात आईच घालणार."

माझा आवाज इतका लहान निघाला की अप्पांना पुढं वाकून ऐकावं लागलं.